कवळीवाल्या शालिकभाऊंची बीटल

आमच्या पांढुर्ण्यात म्हातारपणाचं सगळं सामान एका ओळीत मिळायचं. आधी माझं चष्म्याचं दुकान आणि त्याला लागून शालिकभाऊ गजभियेंचं कवळ्यांचं. मध्ये नुसता पत्रा. माझ्याकडे कोणी डोळे तपासायला बसलं की पलीकडून पत्र्यावर टकटक व्हायची आणि आवाज यायचा, "चष्मेवाले, त्याले आता नीट दिसून राहिलं का? दिसत असंन तर इकडं पाठव. आरशात स्वतःचे दात पाहून घेऊ दे एकदा." गिऱ्हाईक हसायचं, आणि हसताना तोंड झाकत असेल तर खरंच त्यांच्याकडे जायचं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात आणि शालिकभाऊ मुलीकडे रायपूरला राहतात. मला त्यांच्यावाचून करमत नाही, हे सांगायला लाज कसली?

ते डॉक्टर नव्हते. दातांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा बाहेरगावाहून यायचे, माप घ्यायचे, आणि त्या मापात प्लास्टर ओतून, वर मेण चढवून, शेवटी गुलाबी अ‍ॅक्रिलिक शिजवून कवळी घडवायचं काम शालिकभाऊंचं. साठीचे, काटक, नखांत कायम प्लास्टर आणि शर्टाच्या खिशात मेणाची कांडी. समोरचा माणूस काय बोलतो याकडे त्यांचं कधीच लक्ष नसे. बोलताना त्याचा जबडा कुठे अडतो एवढंच ते पाहत. एकदा निवडणुकीचा एक उमेदवार हात जोडून पाच मिनिटं विकासाबद्दल बोलून गेला. मी विचारलं, "कसा वाटला?" शालिकभाऊ गंभीरपणे म्हणाले, "खालची उजवी दाढ गेली त्याची. डाव्या बाजूनं खाऊन राहिला बिचारा."

हा माणूस एके दिवशी रिमोटच्या गाड्या बनवायला लागला.

झालं असं की जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पाहताना त्यांना कुठल्या तरी परदेशातला एक व्हिडिओ दिसला. वाळूची टेकडी, आणि तिच्यावर उड्या मारत जाणारी हातभर लांबीची गाडी. चाकं ट्रॅक्टरसारखी दणकट आणि वर अंग मात्र जुन्या बीटल मोटारीचं, फुगीर आणि गोल डोळ्यांचं. त्यानंतर तीन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पत्रा असा वाजला की माझ्या काचेच्या कपाटातले चष्मे हलले.

"चष्मेवाले, इकडं ये! पाह्य ह्या गाडीचं तोंड. काय दिसून राहिलं?"

"गाडी."

"अबे, दात नाईत हिले! बाकी साऱ्या गाड्यायले समोर जाळी असते, दात विचकल्यासारखी. हिचं इंजिन मागं, म्हणून समोर जाळीच नाई. तोंड पूर्ण बोळकं! आन् तरी कशी हासून राहिली पाह्य!"

मी पाहिलं, आणि खरंच ती हसत होती. चाळीस वर्षं बोळक्या तोंडांत दात बसवणाऱ्या माणसाला बिनदातांचं, तरीही खूश असलेलं एक तोंड सापडलं होतं. त्यांचा आनंद असा की मलाही गुदगुल्या व्हायला लागल्या.

सांगाडा, मोटार, स्प्रिंगा, बॅटरी असं सामान ऑनलाइन मागवता आलं. पण अंग मी स्वतः घडवीन, असा त्यांचा हट्ट. प्लास्टरचा मोठा गोळा घेऊन त्यांनी तो दाताच्या हत्यारांनी कोरला. बॉनेटची गोलाई, छताचा उतार, मडगार्डांचे गाल. मी मध्ये मध्ये जाऊन पाही. आठव्या दिवशी टेबलावर पांढरी शुभ्र बीटल उभी होती आणि शालिकभाऊ तिच्याभोवती फिरून, कवळीचे वरखालचे दात नीट जुळले की म्हणत तसं, "चावा बरोबर आहे, चावा बरोबर आहे," म्हणत होते.

मग चूक झाली, आणि ती कवळीवाल्यालाच सुचावी अशी. साच्यावर काय चढवायचं? त्यांच्या हाताला जे सवयीचं तेच त्यांनी चढवलं. गाडी तयार झाली ती हिरड्यांच्या गुलाबी रंगाची! रविवारी आम्ही ती जाम नदीच्या काठी नेली. ती बांधावरून अशी सुटली की बकऱ्या चारणारी एक म्हातारी "अगं माय" म्हणून उठून उभी राहिली. गाडी हवेत गेली, सूर्यासमोर क्षणभर चमकली, खाली आपटली आणि तिचे तीन तुकडे झाले. मला वाटलं, आता हे कपाळाला हात लावतील. ते धावत गेले, तुकडे शर्टात गोळा केले आणि परत येताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"समजलं! मी दगडासारखं कडक बनवलं ना! वाकलं पाहिजे, मतलब आपटलं की दबलं पाहिजे आन् पुन्हा फुगलं पाहिजे. पण उडाली कशी, पाहिलं का तू? उडाली ना?"

"उडाली, शालिकभाऊ."

"उडाली!"

वाकणारं अंग म्हणजे पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, हे त्यांनी शोधून काढलं. त्यासाठी त्यांनी प्लायवूडची पेटी केली, तिच्या झाकणाला भोकं पाडली आणि खालून घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडला. पेटीवर प्लास्टरची बीटल ठेवायची, त्यांच्या बायकोच्या, मंदावहिनींच्या ओव्हनमध्ये पत्रा पापडासारखा मऊ करायचा, झटकन साच्यावर टाकायचा आणि बटण दाबायचं. फस्सकन हवा ओढली जाई आणि त्या काचेसारख्या पत्र्यातून बीटल वर येई. डोळे, भुवया, गाल सगळे. मी ते वीसेक वेळा पाहिलं असेल, आणि वीसही वेळा माझ्या तोंडून "वा!" निघालं. मंदावहिनी तेवढ्या शांत असत. "ह्या ओव्हनात मी एकच केक केला," त्या मला म्हणाल्या, "पाव्हण्यायनं खाल्ला आन् इचारलं, वहिनी, गाडी जळून राहिली का कुठं?"

रंग आतून मारायचा. म्हणजे जे वर दिसायचं ते आधी आणि मागचं नंतर. मी गोंधळून जाई. शालिकभाऊंना ते जन्मजात येत असल्यासारखं जमे, कारण आयुष्यभर त्यांनी माणसांची तोंडं उलटीच पाहिली होती.

नदीच्या वाळूत दुसरी गाडी दर वळणावर कलंडायची, कारण छत उंच. त्यांनी बॅटरी खाली सरकवली, चाकं बाहेर काढली, मोटारीत रेती जाऊ नये म्हणून मच्छरदाणीचा तुकडा शिवला. चौथ्या रविवारी ती वाळूत गोल गोल फिरली आणि कलंडली नाही. तेव्हा त्यांनी चप्पल काढून टाकली आणि गाडीच्या मागे ते स्वतः धावले. साठीचा माणूस, हातात रिमोट, ढगाएवढी धूळ उडवत! मीही धावलो. का धावलो ते मला विचारू नका.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे तसंही लोकांना नव्या गोष्टींची हौस आली आहे. तिगावहून, मोहगावहून लोक येऊन म्हणू लागले, आम्हाला एक बनवून द्या. लोधीखेड्याचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांना लालभडक, एक ओरखडा नसलेली बीटल हवी होती.

"मास्तर, तुम्ही बीटल पाहिली होती कवा?" शालिकभाऊंनी विचारलं.

"लहानपणी. सौंसरच्या डॉक्टरबाईची."

"ते लाल होती?"

"नाई. दुधी रंगाची. आन् समोरून चेपलेली."

"मग तुम्हाले ते पाहिजे. लाल काहून मागून राहिले?"

यामागे त्यांच्या धंद्यातलं एक तत्त्व होतं. पूर्वी त्यांनी एका शेतकऱ्याला मोत्यासारखे एकसारखे दात करून दिले होते. तो घरी गेला तर बायको दोन दिवस त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर काढेना, परका माणूस वाटे म्हणून! तेव्हापासून शालिकभाऊ कवळीतही माणसाचा मूळचा वाकडेपणा ठेवत. एखादा दात जरा पुढे, एखादी फट. गाड्यांचंही त्यांनी तेच केलं. गिऱ्हाईकाला आधी आठवण विचारायची आणि तीच साच्यात घालायची.

आणि गंमत अशी की जो तो सांगे ती गाडी एकच निघे. आमच्या मुलखात बीटल होतीच एक, सौंसरच्या डॉक्टरबाईंची. त्या स्वतः चालवत. पावसात, चिखलात, नाल्यातून, जिथे बैलगाडीही नको म्हणे तिथे बाळंतपणाला जात. रंगाबद्दल, चेपलेल्या मडगार्डाबद्दल भांडणं होत, पण गाडी तीच.

याच बाईंपाशी शालिकभाऊंचं दुखणं होतं. बाईंनी आता चौऱ्याऐंशी ओलांडली होती. शालिकभाऊंचे आईवडील त्यांच्या शेतावर मजुरीला जात. पोराचा हात मातीच्या बैलांवर कसा चालतो ते बाईंनी पाहिलं आणि नागपूरला दातांच्या लॅबमध्ये चिठ्ठी देऊन पाठवलं. "ह्या बोटायत जे काय आहे ते बाईनं देल्लं," ते म्हणायचे. आणि त्याच बाईंसाठी दोन वर्षांत त्यांनी केलेल्या तीन कवळ्या बसल्या नव्हत्या. टोचायच्या, घसरायच्या, बोलताना खटखट वाजायच्या. ज्यांच्या एका हाकेनं अख्खा दवाखाना उठून उभा राहायचा, त्या बाई आता तोंडावर पदर धरून पुटपुटत. पेज प्यायच्या. कोणाकडे जायचं त्यांनी बंद केलं होतं. बागेत संत्री लगडलेली आणि बाई चमच्यानं रस पितात! चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात तसं झालं होतं आणि बाईंनी जगण्यावरच पाणी सोडलं होतं.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "वय झालं, हाड झिजलं, आता असंच चालायचं." शालिकभाऊंना ते पटेना. बाईंचं माप तर तिन्ही वेळा त्यांनी स्वतःच घेतलं होतं. माप घेताना मेणाच्या दोन पट्ट्या हिरड्यांवर ठेवतात आणि माणसाला तोंड मिटायला सांगतात. ती पट्टी जिथे मिटते त्यावर सगळी कवळी उभी राहते. बाई तर प्रत्येक वेळी अगदी सांगितल्याबरहुकूम मिटत. मग चुकतं कुठे? "चवथी बसली नाई," ते एके दिवशी पत्र्यापलीकडून म्हणाले, "तर मी बोर्ड उतरवतो." त्यात थट्टेचा सूर नव्हता.

पुढच्या महिन्यात त्यांनी बाईंसाठी गाडी बनवली. बाईंचीच गाडी बाईंसाठी. दुधी रंग, डावं मडगार्ड चेपलेलं, एक दिवा किंचित तिरळा. "दात तर देऊन नाई राहिलो," ते म्हणाले, "निदान हे तरी देतो."

बाईंच्या चष्म्याची काडी मोडली होती म्हणून मीही स्कूटरवर मागे बसलो. संत्र्याचा तोडा चालू होता. बाई बागेच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या, तोंडावर पदर. शालिकभाऊंनी गाडी त्यांच्या पायाशी ठेवली. बाईंनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पदराआडून काही बोलल्या. आम्हाला कळलं नाही. त्यांनी चिडून बोट दाखवलं. डावं नाही, उजवं मडगार्ड! मोहगावच्या एका बैलगाडीचा आस उजवीकडून लागला होता, हे नंतर कळलं.

"चुकलं बाई," शालिकभाऊ कान पकडून म्हणाले. "बदलून देतो. चालवून तर पाहा."

रिमोट पिस्तुलासारखा. एका हातानं घोडा ओढायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. बाईंनी आधी जपून ओढला. गाडी दोन झाडं पुढे गेली. मग बाईंनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं की मी खरंच एक पाऊल मागे सरलो, आणि त्यांनी घोडा पूर्ण दाबला. गाडी सुसाट! झाडांच्या आळ्यांवरून, ढेकळांवरून, तोडलेल्या फांद्यांवरून. तोडा करणाऱ्या बाया टोपल्या टाकून बघायला लागल्या. बांधावरून गाडी उडाली तेव्हा बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि त्यांचे दोन्ही हात रिमोटवर होते, म्हणून पदर केव्हाच खाली पडला होता. त्या तोंड उघडून हसत होत्या. हिरड्या दाखवत, खदखदून.

मी गाडीकडे पाहत होतो. शालिकभाऊ गाडीकडे पाहत नव्हते.

"चष्मेवाले!" ते ओरडले. "डिकी! माझी पिशवी! पळ!"

पिशवीत मेणाच्या पट्ट्या होत्या. चौथ्यांदा माप घ्यायला आणलेल्या, पण हिंमत न झाल्यानं डिकीतच ठेवलेल्या. बायांच्या चहासाठी तापवलेल्या पाण्यात त्यांनी त्या बुडवल्या. बोटं भाजली तरी सोडल्या नाहीत.

"बाई, हे तोंडात घ्या. नाई नाई, गाडी थांबवू नका! चालवा, चालवा! त्या पाटावरून उडवा!"

बाईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, शालिकभाऊंनी पट्ट्या बसवल्या आणि गाडी पाटाकडे सुटली. पाणी जवळ आलं. बाईंनी श्वास रोखला, आवंढा गिळला, गाडी उडाली आणि पलीकडे टेकली, तसं बाईंचं तोंड आपोआप मिटलं.

"बस्स! असंच राहू द्या!"

त्यांनी पट्ट्या अलगद बाहेर काढल्या. बाई वैतागून गाडीकडे बोट दाखवत होत्या, कारण तिकडे ती उलटी पडली होती. शालिकभाऊ मला बाजूला ओढून म्हणाले, "समजलं का तुले? बाई खुर्चीत बसली का डॉक्टर होऊन जाते. जबडा पुस्तकात लिहिला तसा आणून ठेवते, मले मदत म्हणून! तीनदा मी डॉक्टरचंच माप घेतलं रे. बाईचं घेतलंच नाई कवा." बोलता बोलता त्यांना हसू आवरेना आणि डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते, मेण धरलेलं होतं.

पुढचे आठ दिवस पत्र्यावर टकटक झाली नाही. नवव्या दिवशी आम्ही पुन्हा बागेत गेलो. गाडीचं मडगार्ड आता उजवीकडे चेपलेलं होतं. शालिकभाऊंनी कवळी बाईंच्या तोंडात बसवली. नेहमी कवळी दिली की ते गिऱ्हाईकाला सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट असं मोजायला लावत, म्हणजे जीभ कुठे अडते ते कळतं. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मोजायला लावा ना," मी हळूच म्हटलं.

"चूप! लावलं का पुन्हा डॉक्टर होते." त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी बाईंच्या हातात रिमोट दिला आणि स्वतः दूर, पाटाजवळ जाऊन उभे राहिले.

बाईंनी पहिली फेरी मुकाट्यानं मारली. दुसरीही. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. आवडलं की टोचतंय, काही कळेना. तिसऱ्या फेरीला गाडी चिखलावर घसरली आणि सरळ पाटात गेली. चाकं पाण्यात फिरायला लागली, छतावरून बुडबुडे यायला लागले.

आणि बागेत असा आवाज घुमला की तोडा करणाऱ्या बाया जागच्या जागी ताठ झाल्या.

"शालिक! उचल ना ते! सारी मशीन सडून जाईन! समोरच तर आहेस, उभा काय राहिला नुसता?"

एकही अक्षर घसरलं नाही. एकही खटखट नाही. हाच तो आवाज होता, ज्यानं सौंसरचा दवाखाना उठून उभा राहायचा. गाडी शालिकभाऊंच्या पायापासून हातभर अंतरावर बुडत होती. नदीच्या वाळूत चप्पल टाकून धावणारा हा माणूस जागचा हलला नाही. पाठ आमच्याकडे, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"ऐकू येऊन नाही राहिलं का रे तुला? शालिक!"

"बुडू द्या बाई," ते मागे न वळता म्हणाले. "तुम्ही बोलत राहा."